लायसन्स आहे, पण हात बसलेला आहे का?

९ ऑगस्ट २०२५ ला सकाळी बारामती विमानतळावर रेडबर्ड संस्थेचं शिकाऊ विमान उतरताना पुढचं चाक निखळून बाजूला घसरलं. वैमानिक सुखरूप राहिला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये याच संस्थेची दोन विमानं चार दिवसांत बारामती तालुक्यात पडली होती, १९ तारखेला कटफळजवळ आणि २२ ला गोजुबावीजवळ. सहा महिन्यांत पाच घटना झाल्या म्हणून डीजीसीएने तेव्हा तिथलं प्रशिक्षणच थांबवलं आणि बोट ठेवलं ते देखभालीवर.

आता म्हणाल, सर, आपण हिंजवडीतली मंडळी, टिफिन नाहीतर चाकणच्या कंपन्यांचं जॉबवर्क करणारी. विमानाचं काय घेऊन बसलात?

थांबा जरा. या घटनांचा निवाडा आपल्याला करायचा नाही, तो तपास यंत्रणांचं काम. पण लहान विमान उतरवणं म्हणजे काय, हे एकदा बघाच. मागची दोन चाकं आधी टेकायला हवीत, पुढचं नंतर, हळूच. ते चाक नाजूक असतं. वेग जास्त राहिला तर विमान टेकून पुन्हा उसळतं. घाबरलेला नवखा नाक खाली दाबतो, विमान पुढच्या चाकावर आपटतं, आणखी उसळतं. दोन-तीन उसळ्यांत ते चाक तुटू शकतं. पुस्तकात हे सगळं छापलेलं आहे. पण ऐन वेळी पुस्तक आठवत नाही, सवय असेल तेच हात करतात.

आपल्याकडे कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये. तरी लायसन्स मिळालं म्हणजे झालं, असं या क्षेत्रात कुणी मानत नाही. अमेरिकेतला नियम बघा. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली हवीत. रात्री न्यायचे असतील तर ती रात्रीचीच, पूर्ण थांबून केलेली. दिवसाचा सराव रात्री चालत नाही!

आता आपल्याकडे वळा. 'पंधरा वर्षांचा अनुभव' असं व्हिजिटिंग कार्डावर असतं. पण स्वतःच्या हाताने कोटेशन शेवटचं कधी काढलं? वसुलीचा अवघड फोन कधी केला? सहा महिने व्हीएमसीला हात न लावलेला सेटर एकदम मोठ्या लॉटवर उभा केलात, तर पहिले पीस भंगारात जाणारच. त्याला आधी चार पीस चालवू द्या, मोजा, मग लॉट. हा वेळ वाया जात नाही, तो खर्चात धरा.

माझ्या मते याहून अवघड एक गोष्ट आहे. उतरण्याचा बेत बिघडला की पुन्हा वर जायचं, याला गो-अराउंड म्हणतात. शिकाऊ वैमानिकाला याचा वेगळा सराव देतात, कारण धावपट्टी समोर दिसत असताना माघार घेणं जिवावर येतं. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाने पावसात पहिला प्रयत्न सोडला होता. दुसऱ्यांदा विमान जवळपास अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं. सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं होतं, ते झालं नाही. २१ जण गेले. कप्तान दहा हजारांहून जास्त तासांचा होता, नवखा नव्हता.

म्हणून माघारीची रेघ आधी, शांत डोक्याने आखतात. मोकळ्या हवेत साधारण ५०० फुटांवर वेग, उतार आणि दिशा जागेवर नसेल तर वर जायचं, असा दंडक अनेक ठिकाणी आहे. तुमचे ५०० फूट कुठे आहेत? समजा, फेज टूच्या एका कंपनीने दोनशे डब्यांची ऑर्डर दिली. तीस डब्यांवर तुमची गाडी रोज वेळेत पोहोचते का, आधी पाहा. मग आकडा ठरवा: ॲडव्हान्स अमुक तारखेपर्यंत नाही आला, किंवा ट्रायलच्या आठवड्यात दोनदा उशीर झाला, तर दोनशेची सुरुवात पुढे ढकलायची. हा आकडा भिंतीवर लिहा, आणि 'थांबा' म्हणायचा अधिकार स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ताईंना किंवा डिलिव्हरीच्या दादांनाही द्या. ते म्हणाले, तर त्या दिवशी वाद घालायचा नाही.