जेसनमधून आलेल्या ऑब्जेक्टला त्याचा क्लास परत द्या

सर्व्हरकडून आलेलं बिल जेसन.पार्स केलं की आकडे मिळतात, पण बिलावर एकूण() ही मेथड बोलावली की टाइपएरर येतो. कारण जेसनमधून फक्त डेटा येतो, प्रोटोटाइप येत नाही. ऑब्जेक्ट.सेटप्रोटोटाइपऑफ एका ओळीत प्रोटोटाइप जोडून देतं, मग लायब्ररी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याने बिलातला ग्राहक साधा ऑब्जेक्टच राहतो, तारीख नुसती स्ट्रिंग राहते आणि कन्स्ट्रक्टर चालत नसल्याने हॅशवाली प्रायव्हेट फील्ड्स तयारच होत नाहीत.

क्लास-ट्रान्सफॉर्मर या लायब्ररीला कुठल्या फील्डचा कोणता क्लास हे एकदा सांगितलं की ती आतपर्यंत सगळं जोडते. कन्स्ट्रक्टर मात्र ती आर्ग्युमेंट न देता चालवते आणि डेटा बरोबर आहे का हे तपासत नाही. ती पडताळणी वेगळी करायलाच हवी.