नागपूरचे ४५ आणि बेडोकचे ३३

मे-जून आला की आपल्याकडे भारतातून आईबाबा, सासूसासरे राहायला येतात. त्यातलं कुणी नागपूर-अकोल्याकडचं असेल, तर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आम्ही पंचेचाळीस सोसलंय, तुमच्या तेहतीसचं काय कौतुक!" आज या तेहतीसबद्दलच बोलू या.

उन्हाळ्यात नागपुरात माठातलं पाणी गारेगार होतं, मुंबईत जेमतेम थंड. माठ पाझरतो, ते पाणी वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. कोरड्या हवेत हे झपाट्याने होतं, दमट हवेत रेंगाळतं. आपलं शरीरही माठासारखंच. नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. बेडोकमध्ये तो वाळायच्या आधी ओघळतोच.

आता यात तापमानवाढीची भर पडली आहे. हवा १ अंशाने तापली, की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. किनाऱ्यावर ती पुरवायला समुद्र शेजारीच असतो. आणि समुद्रही तापतोय. पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रानेच पोटात घेतली आहे. जमिनीसारख्या आता समुद्रातही उष्णतेच्या लाटा येतात. २०२४ मध्ये सिंगापूरच्या दक्षिणेकडच्या बेटांजवळची प्रवाळं अशाच तापलेल्या पाण्याने पांढरी पडली. कोमट समुद्राच्या काठी रात्रीही पुरेशा गार होत नाहीत, म्हणून दिवसभर तापलेल्या शरीराला विसावा मिळत नाही.

याची किंमत आपण महाराष्ट्रात पाहिली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक भर उन्हात बसले होते. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात याला कुणी फारसा उन्हाळा म्हणणार नाही. पण उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्याच महिन्यात भारत-बांगलादेशात आलेल्या दमट उष्म्याची शक्यता तापमानवाढीमुळे किमान ३० पट वाढली होती, असं वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवलं. भारतीय हवामान विभागही उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात किमान ४० अंश धरतो, तर किनाऱ्यावर ३७.

सिंगापूरमध्ये १३ मे २०२३ रोजी आंग मो किओला ३७ अंशांची नोंद झाली. १९८३ च्या विक्रमाशी बरोबरी! पण इथे नुसत्या पाऱ्यापेक्षा महत्त्वाचा आकडा वेगळा आहे : वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर. त्यात साधा पारा १० टक्के, उन्हाचा ताप २० टक्के आणि ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा वाटा ७० टक्के. म्हणजे माठाचंच गणित. हा आकडा मायईएनव्ही अ‍ॅपवर दिसतो. ३१ च्या खाली धोका कमी, ३१ पासून मध्यम, ३३ आणि त्यापुढे जास्त. आकडा ३३ वर असेल तर ईस्ट कोस्ट पार्कची फेरी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर काढा.

घरच्या ज्येष्ठांना तहान उशिरा कळते, म्हणून पाणी विचारू नका, हातात द्या. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. त्यांच्याबद्दल प्रवासाआधीच डॉक्टरांशी बोला. इथे आल्यावर पहिले काही दिवस फिरणं बेताचं ठेवा, शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

आणि कुणी बरळायला लागलं, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर वाट पाहू नका. ९९५ ला फोन करा. तोवर सावलीत आणा, अंगावर पाणी घाला, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

तेव्हा या वेळी विमानतळावरून घरी येतानाच बाबांच्या फोनवर ते अ‍ॅप टाकून द्या. माठाचं उदाहरण सांगा, त्यांना लगेच पटेल. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात!