यंत्र नवे हवे, पण हातचे कसब मोडीत नको

१२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी हरियाणातील चरखी दादरी गावाजवळ आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४ हजार फुटांपर्यंत चढण्याची परवानगी होती. दिल्लीकडे येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५ हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती. कझाक विमान ती पातळी सोडून खाली आले. दोष त्या विमानाच्या चालकवर्गाचा होता, असा निष्कर्ष न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीतून निघाला. परंतु त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकासमोरील रडार विमानाची दिशा आणि अंतर तेवढे दाखवीत असे. विमान किती उंचीवर आहे, हे जाणून घेण्यास वैमानिकाच्या तोंडी शब्दावाचून त्याच्यापाशी दुसरे साधन नव्हते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचा मार्गही एकच होता.

तोंडी शब्दाची ही मर्यादा त्यापूर्वीच जगाला कळून चुकली होती. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे दगावली. ‘थांबा’ हा नियंत्रकाचा संदेश आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा दुसऱ्या विमानाचा संदेश एकाच क्षणी एकाच रेडिओलहरीवर निघाले. ज्याने ते ऐकायचे, त्या वैमानिकाच्या कानी कर्कश आवाजाखेरीज फारसे काही पडले नाही.

म्हणूनच हवाई वाहतूक नियंत्रणाचे आधुनिकीकरण ही चैन नव्हे. चरखी दादरीनंतर आपल्याकडे येण्याजाण्याचे मार्ग वेगळे करण्यात आले आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारे उपकरण विमानांवर सक्तीचे झाले. आज विमान आपली उंची आपणहून रडारला कळविते. उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःचे स्थान निश्चित करून तेही प्रसारित करते. अरबी समुद्रावरून जाणाऱ्या विमानांशी मुंबईच्या नियंत्रकांना एकेकाळी खरखरत्या रेडिओवरूनच बोलावे लागे. आता आज्ञा लिखित स्वरूपात वैमानिकाच्या पडद्यावर उमटते आणि तिची पोचही लेखीच येते. उच्चाराचा घोटाळा तेथे संभवत नाही.

मात्र येथेच एक नवा धोका उभा राहतो. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनमध्ये एका विमानाच्या उड्डाण-आराखड्यात एकाच नावाची, परंतु हजारो मैल अंतरावरची दोन ठिकाणे आली. संगणकाला त्याचा अर्थ लागेना. चुकीची माहिती पुढे जाऊ नये म्हणून तो बंद पडला. त्याची जागा घेण्यास ठेवलेला दुसरा संगणकही त्याच बुद्धीचा असल्याने तोही तसाच बंद पडला. आराखडे हाताने भरण्याची पाळी आली आणि ७ लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावर उड्डाण-आराखड्यांचे संदेश पोचविणारी स्वयंचलित यंत्रणा बिघडली. कर्मचाऱ्यांनी ते काम हाताने निभावले. शेकडो उड्डाणे खोळंबली, पण अपघात झाला नाही.

या दोन्ही घटनांचा बोध यंत्रे नकोत असा नाही. वाहतूक ज्या वेगाने वाढत आहे, ती पाहता केवळ कागद, पेन्सिल आणि कान यांवर ती पेलणे अशक्य आहे. बोध एवढाच, की यंत्राच्या जोडीला त्याच्यासारखेच दुसरे यंत्र ठेवणे म्हणजे पर्यायी व्यवस्था नव्हे. खरा पर्याय म्हणजे यंत्राविना काम करता येणारा माणूस. परंतु ज्या हातांना वर्षानुवर्षे सराव नाही, ते ऐन प्रसंगी चालतील कसे? यंत्र आले की माणसे कमी करावयाची, हा हिशेब कारखान्यात कदाचित खपेल. नियंत्रण कक्षात मात्र पुरेसे मनुष्यबळ, त्यांना मिळणारी विश्रांती आणि हाताने काम करण्याची नियमित तालीम यांवरील खर्च हा यंत्राच्या किमतीचाच भाग मानला पाहिजे. जुनी झालेली यंत्रणा बंद पडेपर्यंत वापरण्याची सरकारी सवयही सोडली पाहिजे.

बँकेतला संगणक बंद पडला, तर कारकून ग्राहकास ‘उद्या या’ म्हणून सांगू शकतो. आकाशात असलेल्या विमानाला तसे सांगता येत नाही. त्याला त्याच क्षणी उत्तर द्यावे लागते, आणि ते देणारा माणूस जागेवर, सरावात आणि सावध असावा लागतो.