गांव कां सुटतें?

पाऊस पडला नाहीं म्हणजेच मनुष्य देशांतरास निघतो, हा समज अपुरा आहे. राधानगरीस सह्याद्रीचा विपुल पाऊस पडतो. तरी येथील डोंगरवाड्यांतून माणसें मुंबईच्या गिरण्यांकडे गेलीं. कारण पाऊस चार महिन्यांचा, जमीन उताराची व तुकड्यांची. पुढें हातास काम नाहीं. माण, खटाव, जत हे तालुके पर्जन्यछायेंत असल्यानें तेथें पाण्याचाच तोटा.

छत्रपति शाहू महाराजांनीं १९०९ च्या सुमारास भोगावतीवर धरण आरंभिलें. १९१८ त थांबलेलें तें काम स्वातंत्र्यानंतर पुरें झालें. त्या पाण्यावर खालीं ऊस वाढला, आणि तो तोडण्यास बीडकडील कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन येऊं लागलीं. सारांश, सांठविलेलें पाणी माणसांस ओढतें, व कर्ज त्यांस ढकलतें.

१९७२ च्या दुष्काळांत सरकारी कामांनीं लक्षावधि लोकांस आधार दिला. १९७७ त रोजगार हमीचा कायदा झाला. दाते महाशयांनीं यांतून एवढें ध्यानांत घ्यावें : बैल विकल्यावर पोंचलेलें धान्य पोट भरतें, परंतु शेत पुन्हा उभें करीत नाहीं. यास्तव चारा, काम व बियाणें गांव सुटण्यापूर्वींच पोंचविणें, हेंच खरें साहाय्य होय.