ओळख परेड

ओळख परेड ही फौजदारी गुन्ह्याच्या तपासातील एक प्रक्रिया आहे. घटनेच्या वेळी प्रथमच पाहिलेली अनोळखी व्यक्ती साक्षीदाराला इतरांमधून ओळखता येते का, हे तीत पडताळले जाते. खुनाच्या खटल्यात मृत्यू घातपाताने झाला हे बहुधा शवविच्छेदन अहवालावरून सिद्ध होते; खरा वाद उरतो तो मारेकरी कोण, याचा.

जळगाव तालुक्यातील नशिराबाद येथे खून झाल्यास तपास स्थानिक पोलीस ठाणे करते, खटला जळगावच्या सत्र न्यायालयात चालतो आणि अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाते. ओळख परेड मात्र पोलिसांनी घ्यावयाची नसते. ती कार्यकारी दंडाधिकारी दोन पंचांसमक्ष घेतात. एका संशयितामागे वय, बांधा व वर्ण यांत साम्य असलेले किमान सहा इसम उभे केले जातात. त्यांना व्यवहारात ‘डमी’ म्हणतात. रांगेतील जागा निवडण्याची व पुढील साक्षीदार येण्यापूर्वी ती बदलण्याची मुभा संशयिताला असते. परेडपूर्वी साक्षीदाराला संशयित किंवा त्याचे छायाचित्र दिसले असल्यास साऱ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही.

परेडमधील ओळख हा स्वतंत्र पुरावा नव्हे. मूळ पुरावा म्हणजे साक्षीदाराने न्यायालयात शपथेवर पटविलेली ओळख. परेड तिला केवळ दुजोरा देते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ७ नुसार (१८७२ च्या कायद्यातील कलम ९) ती ग्राह्य ठरते. गावातील खुनात आरोपी बहुधा परिचित असल्याने परेडची गरजच पडत नाही. तेथे प्रश्न येतात ते उजेडाचे, अंतराचे आणि जुन्या वैराचे. साक्षीदारांची ठरावीक संख्या कायदा मागत नाही. पूर्णतः विश्वासार्ह अशा एकाच साक्षीदारावरही दोषसिद्धी होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने वडिवेलू थेवर खटल्यात (१९५७) स्पष्ट केले.

प्रामाणिक साक्षीदाराचीही ओळख किती घातक ठरू शकते, हे जून २००३ मध्ये झालेल्या पाच खुनांच्या प्रकरणात दिसले. बचावलेल्या जखमी महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चौघांना ओळखले होते. त्या चौघांवर खटला झालाच नाही. पुढे भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली, ओळख परेडमध्ये व न्यायालयात त्यांना ओळखण्यात आले आणि सत्र न्यायालयाने सर्वांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेत बदलली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली. फेरविचारात हे प्रकरण नव्याने ऐकले गेले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. छायाचित्रांवरून पटलेली पहिली ओळख दडपली जाणे हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेशही झाला. तोवर त्यांच्या अटकेला जवळपास सोळा वर्षे होत आली होती.