मॉरिशसमधील निसर्गस्थळे
मॉरिशसमधील निसर्गस्थळे : हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागातील मॉरिशस या द्वीपराष्ट्रातील डोंगर, ज्वालामुखविवरे, दऱ्या, धबधबे, अरण्ये, खारकच्छे व प्रवाळभित्ती यांनी युक्त अशी प्रेक्षणीय स्थळे. मॉरिशसचे मुख्य बेट मादागास्करच्या पूर्वेस सु. ८०० किमी. वर असून त्याचे क्षेत्रफळ सु. १,८६५ चौ. किमी. आहे. रॉड्रीग्स हे दुसरे मोठे बेट त्याच्या पूर्वेस सु. ५६० किमी. वर आहे. मुख्य बेटाचा आकार लहान असला, तरी एका दिवसाच्या प्रवासात समुद्रकिनारा, उंच पठार, खोल दरी व दाट अरण्य ही सर्व पाहता येतात. तथापि प्रवाशाच्या दृष्टीस पडणारी हिरवळ बव्हंशी उसाची शेते व बाहेरून आणलेल्या वनस्पती यांची असते. मूळ अरण्यापैकी सुस्थितीत राहिलेला भाग बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. येथील स्थळांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात घ्यावे लागते.

भूरचना व हवामान : मॉरिशस हे ज्वालामुखीच्या उद्रेकातून सु. ८० लक्ष वर्षांपूर्वी सागरतळावर उभे राहिलेले बेट होय. पृथ्वीच्या अंतरंगातील ज्या तप्त स्थानातून सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर बेसाल्टचे थर पसरले, त्याच स्थानातून पुढे लक्षद्वीप–मालदीव–चागोस ही सागरी कटकरांग, नंतर मॉरिशस व अखेरीस रेयूनियन बेट निर्माण झाले, असे भूवैज्ञानिक मानतात. सह्याद्री व मॉरिशसचे डोंगर या दोहोंचा काळा पाषाण अशा रीतीने एकाच उगमाचा ठरतो. प्राचीन ज्वालामुखीच्या कडांचे अवशेष आज मध्यवर्ती पठाराभोवती तुटक डोंगररांगांच्या रूपाने उभे आहेत. त्यांतील पेतित रिव्हिएर न्वार हे सर्वोच्च शिखर (८२८ मी.) नैर्ऋत्येस आहे. राजधानी पोर्ट लुईच्या पाठीशी असलेली ल पूस (‘अंगठा’) व पीटर बोथ ही शिखरे आपल्या चमत्कारिक आकारांमुळे लक्ष वेधून घेतात. पीटर बोथच्या माथ्यावर मस्तकासारखा एक प्रचंड खडक तोललेला दिसतो.

आग्नेयीकडून येणारे व्यापारी वारे पठारावर भरपूर पाऊस देतात. तेथे वार्षिक पर्जन्य ४,००० मिमी. पर्यंत जाते, तर पश्चिम किनारा वर्षाच्छायेत असल्याने १,००० मिमी. हून कमी पाऊस मिळून कोरडा राहतो. मे ते ऑक्टोबर हा थंड व कोरडा काळ डोंगरभ्रमणास सोयीचा असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ उष्ण व पावसाळी असून त्यात, विशेषतः जानेवारी ते मार्चमध्ये, चक्री वादळांचा धोका असतो.

विवरे व सरोवरे : पठारावरील क्यूरपिप शहरालगतचे त्रू ओ सेर हे सुप्त ज्वालामुखीचे विवर सु. ३०० मी. व्यासाचे व सु. ८० मी. खोल असून त्याच्या उतारांवर वृक्षराजी आहे. विवराच्या काठावरून निरभ्र हवेत बेटाच्या बहुतेक डोंगररांगा दिसतात. दक्षिणेकडील ग्राँ बासँ हे सरोवरही ज्वालामुखविवरातच साचलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते हिंदूंचे तीर्थक्षेत्र बनले. १९७२ मध्ये त्यात गंगेचे जल मिसळण्यात आले आणि ते ‘गंगा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. महाशिवरात्रीस देशाच्या सर्व भागांतून यात्रेकरू पायी येथे येतात.

दऱ्या, धबधबे व अरण्ये : नैर्ऋत्य भागातील ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये स्थापन झाले. ६५ चौ. किमी. हून अधिक क्षेत्राच्या या उद्यानात देशातील उरल्यासुरल्या मूळ अरण्याचा मोठा भाग सामावला आहे. पठाराच्या काठावरील निरीक्षणस्थळांवरून खोल दऱ्या व त्यांपलीकडील समुद्र यांचे एकत्रित दर्शन घडते. अबनूसाचे वृक्ष व अनेक प्रदेशनिष्ठ झाडे येथे टिकून आहेत. परंतु चिनी पेरूची झुडपे त्यांच्या रोपांना वाढू देत नाहीत आणि माकडे, रानडुकरे व उंदीर फळे व अंडी फस्त करतात. म्हणून काही भागांना कुंपण घालून परकीय झुडपे हाताने उपटून काढली जातात. दिसायला उजाड वाटणारे हे तुकडेच वस्तुतः अरण्याच्या पुनरुज्जीवनाची केंद्रे आहेत.

उद्यानाच्या पश्चिमेस शामारेल येथे सप्तरंगी मातीचे लहान उंचवटे आहेत. बेसाल्टच्या अपक्षयाने त्यातील विद्राव्य घटक पावसात वाहून गेले व लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. कोकणातील जांभ्याचा तांबडा रंगही याच प्रकारच्या क्रियेचा परिणाम आहे. शामारेल येथे या ऑक्साइडांच्या कमीअधिक प्रमाणामुळे लाल, तपकिरी, जांभळ्या इ. छटा निर्माण झाल्या आहेत. जवळच शामारेलचा धबधबा ८० मी. हून अधिक उंचीवरून एका सरळ धारेने कोसळतो. पठाराच्या काठावरील तामारँ धबधबा मात्र टप्प्याटप्प्याने उतरत जातो.

या काळ्या नदीच्या परिसरात व पश्चिमेकडील गावांत एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी लोकांचे वंशज राहतात. गणेशचतुर्थीस देशात सार्वजनिक सुटी असते व मूर्तींचे विसर्जन नद्यांत आणि समुद्रात होते.

ल मॉर्न ब्राबाँ : बेटाच्या नैर्ऋत्य टोकास समुद्रात घुसलेला हा ५५६ मी. उंचीचा तुटलेल्या कड्यांचा डोंगर देशातील सर्वांत भव्य दृश्यांपैकी एक आहे. अठराव्या शतकात व एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पळून गेलेल्या गुलामांनी याच्या गुहांचा व माथ्याचा आश्रय घेतला होता. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन आलेले शिपाई आपणास पकडण्यासच आले, असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी लोकपरंपरा आहे. यूनेस्कोने २००८ मध्ये याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ‘कर्णभूषण’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव असलेले मॉरिशसचे राष्ट्रीय पुष्प ट्रोकेशिया बुटोनियाना याच डोंगरावर आढळते. डोंगरालगतच्या समुद्रात आकाशातून पाहता जणू पाण्याखाली धबधबा कोसळत असल्याचा भास होतो. उथळ तळावरील वाळू व गाळ खोल उताराकडे वाहत जाताना उमटणाऱ्या रेषांमुळे तो निर्माण होतो.

किनारा व प्रवाळभित्ती : बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळभित्तीचे कडे आहे. भित्तीच्या आतील खारकच्छ उथळ व शांत असते, कारण लाटांचा जोर बाहेरच मोडतो. बेटाचा खडक काळा असूनही पुळणी पांढऱ्या दिसतात, याचे कारण त्यांची वाळू प्रवाळ व शिंपले यांच्या चुऱ्याची आहे. नद्यांच्या मुखांशी गोड्या पाण्यामुळे प्रवाळ वाढत नाही व तेथे भित्तीत खंड पडतो. दक्षिणेस सुयाकजवळ ग्री ग्री येथे भित्ती नसल्याने महासागराच्या लाटा थेट बेसाल्टच्या कड्यांवर आदळतात. तेथे पोहणे धोक्याचे आहे. ग्रँड बे, त्रू ओ बिश व बेल मार येथील पुळणी प्रसिद्ध आहेत. आग्नेयेकडील ब्लू बे हे सागरी उद्यान प्रवाळांच्या विविधतेसाठी विख्यात असून २००८ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

लहान बेटे : माएबूरजवळील ईल ओ एग्रेत या सु. २६ हेक्टरांच्या प्रवाळी चुनखडकाच्या बेटावर किनारी शुष्क अरण्याचा अखेरचा अवशेष आहे. ते १९६५ पासून राखीव आहे. मार्गदर्शकासह तेथे जाता येते. नष्ट झालेल्या स्थानिक कासवांची उणीव भरून काढण्यासाठी तेथे आल्डाब्राची महाकाय कासवे सोडली असून ती फळे खाऊन बियांचा प्रसार करतात. उत्तरेकडील राउंड बेटावरील शेळ्या १९७९ पर्यंत व ससे १९८६ पर्यंत हटविल्यानंतर तेथील ताड व सरपटणारे प्राणी यांना पुन्हा बहर आला. तेथे पर्यटकांना प्रवेश नाही. सु. १०८ चौ. किमी. च्या रॉड्रीग्स बेटाभोवतालचे खारकच्छ जमिनीच्या दुपटीहून अधिक विस्तृत आहे.

ऱ्हास व संरक्षण : १५९८ मध्ये डच येथे उतरले, तेव्हा बेट निर्मनुष्य व बव्हंशी वनाच्छादित होते. १६३९ मध्ये त्यांनी जावातून ऊस व हरिण आणले. अबनूसाची तोड व आणलेले प्राणी यांमुळे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डोडो नामशेष झाला. पुढे फ्रेंच व ब्रिटिश अमदानींत उसाच्या लागवडीसाठी जंगले साफ झाली. १९७४ मध्ये मॉरिशसच्या लहान ससाण्याचे रानातील केवळ चार पक्षी ज्ञात होते आणि १९९० च्या सुमारास गुलाबी कबुतरे दहाच्या आसपास उरली होती. कार्ल जोन्स यांच्या मार्गदर्शनाखाली अंडी उबवून पिले वाढविणे, त्यांना रानात सोडणे व पूरक अन्न पुरविणे या उपायांनी दोन्ही जाती काही शतांपर्यंत वाढल्या. हिरव्या एको पोपटाचेही असेच रक्षण झाले.

समुद्राकडील संकटे अधिक अलीकडची आहेत. खारकच्छांतील वाळू काढण्यास २००१ मध्ये बंदी घालण्यात आली. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळभित्तीवर चढले व ऑगस्टमध्ये सु. १,००० टन इंधन-तेल गळून खारकच्छ व कच्छ वनश्री दूषित झाली. ते तेल अडविण्यासाठी किनाऱ्यावरील सामान्य नागरिकांनी उसाचे पाचट कापडात भरून त्याचे लांब तरंगते बांध तयार केले. सागरजल तापल्याने प्रवाळांचे विरंजनही वारंवार घडत आहे. भित्ती खचली, तर पुळणींची वाळू व खारकच्छांची शांतता ही दोन्ही टिकणार नाहीत. डोडो परत येणे अशक्य असले, तरी ससाणा व गुलाबी कबूतर यांचे उदाहरण वेळेवर केलेले प्रयत्न निष्फळ ठरत नाहीत, हे दर्शविते.