हसवणाऱ्यांची फिरती: स्टँड-अप कॉमेडीच्या दौऱ्यांमागचे वास्तव

न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे १७ ऑगस्ट २०२५ रोजी मूळचे इंदूरचे असलेले झाकीर खान यांनी हिंदीतून एकपात्री विनोदाचा कार्यक्रम सादर केला. भारतीय भाषेतील विनोदासाठी हा मोठा टप्पा मानला गेला. पुढच्याच महिन्यात मात्र त्यांनी समाजमाध्यमावरून चाहत्यांना वेगळीच बातमी दिली. सुमारे दहा वर्षे अखंड सुरू असलेले दौरे, दिवसाला दोन-तीन प्रयोग, अपुरी झोप, पहाटेची विमाने आणि जेवणाच्या अनिश्चित वेळा यांमुळे वर्षभर प्रकृती ठीक नाही, त्यामुळे यापुढे दौऱ्यांवर मर्यादा आणावी लागेल, असे त्यांनी कळवले. यशाच्या शिखरावर असलेल्या कलावंताची ही अवस्था असेल, तर या क्षेत्रात नुकतेच पाऊल ठेवलेल्यांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

स्टँड-अप कॉमेडीला वरवर पाहता फारसे काही लागत नाही. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, सहकलाकार नाहीत. एक ध्वनिक्षेपक, एक उंच स्टूल आणि पाण्याची बाटली एवढ्यावर प्रयोग होतो. मग कलावंताला वर्षभर गावोगावी हिंडण्याची गरज का भासते? केवळ पैसा हे त्याचे उत्तर नाही. हा विनोद घरी बसून पूर्ण होत नाही, हे खरे कारण आहे. गायकाला रियाज एकट्याने करता येतो. विनोदवीराला रियाजासाठीही श्रोते लागतात. वाक्यातला कोणता शब्द शेवटी यावा, कोठे क्षणभर थांबावे, कोणता तपशील गाळावा, हे समोरच्यांच्या हसण्यावरून किंवा न हसण्यावरूनच ठरते.

या घडणीची सुरुवात होते ती ‘ओपन माइक’पासून. कॅफेच्या किंवा लहान सभागृहाच्या मंचावर नवोदितांना प्रत्येकी चार-पाच मिनिटे मिळतात. मानधन बहुधा नसतेच. काही ठिकाणी नावनोंदणीसाठी कलावंतालाच थोडे पैसे मोजावे लागतात. श्रोत्यांमध्ये निम्मे लोक स्वतःच्या पाळीची वाट पाहणारे विनोदवीर असतात आणि ते सहसा हसत नाहीत. अशा अनेक रात्रींनंतर पाच मिनिटांची पंधरा होतात, पंधराची तीस होतात. तासाभराचा स्वतंत्र कार्यक्रम उभा राहण्यास साधारणपणे वर्ष-दोन वर्षे जातात. त्या तासाचे ‘ट्रायल शो’ म्हणजे चाचणी प्रयोग लहान जागांत, कमी तिकिटात होतात. त्यानंतर दौरा सुरू होतो.

दौरा संपला की कार्यक्रमाचे चित्रीकरण होऊन तो एखाद्या प्रवाह मंचावर किंवा यूट्यूबवर येतो. त्या दिवसापासून तो तास जवळजवळ संपतो. गाणे लोकांना पाठ झाले की त्याची मागणी वाढते; विनोदाचे उलट असते. घरी पाहिलेल्या किश्श्यासाठी कोणी पुन्हा तिकीट काढत नाही. म्हणून चित्रफीत जितकी लोकप्रिय, तितकी पुढच्या दौऱ्याला गर्दी अधिक, पण हाती मजकूर मात्र शून्य. कलावंताला पुन्हा त्याच कॅफेत, त्याच पाच मिनिटांपासून सुरुवात करावी लागते. इतर कोणत्याही रंगमंचीय कलेत नामवंताला इतक्या वेळा नवशिक्या व्हावे लागत असेल, असे वाटत नाही.

भारतात फिरतीचा विनोद काही नवा नाही. हिंदी कवी-संमेलनांतील हास्यकवी अनेक दशके रेल्वेने गावोगावी जात आले आहेत. जॉनी लिव्हर यांच्यासारखे कलावंत वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत नकला करत पुढे आले आणि कल्याणजी-आनंदजी यांच्या चमूबरोबर फिरले. मराठी प्रेक्षकांना तर एकट्या माणसाने रात्र जिंकण्याची सवय फार जुनी आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने आणि पुढे लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने ती लावली. देशपांडे या प्रयोगात पन्नासहून अधिक व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करीत. मात्र तेथे पात्रे होती, गोष्ट होती. स्टँड-अपमध्ये कलावंत स्वतःच्या नावाने, स्वतःचेच बोलतो, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

आजच्या व्यवसायाचा पाया २००५ मध्ये ‘स्टार वन’ वाहिनीवरील ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ने घातला, असे म्हणता येईल. त्यातून दिवंगत राजू श्रीवास्तव, सुनील पाल घराघरांत पोहोचले. सध्या पंजाबचे मुख्यमंत्री असलेले भगवंत मान हेही त्याच मंचावर होते. लंडनच्या ‘द कॉमेडी स्टोअर’ने २०१० मध्ये मुंबईत लोअर परळला शाखा उघडली आणि केवळ विनोदासाठी बांधलेली जागा शहराला मिळाली. २०१७ च्या सुमारास ॲमेझॉन व नेटफ्लिक्स यांनी भारतीय विनोदवीरांचे कार्यक्रम घेण्यास सुरुवात केली. लहान शहरांतील तरुणांनी हे कार्यक्रम भ्रमणध्वनीवर पाहिले, आणि दौऱ्यांच्या नकाशावर मुंबई, दिल्ली, बंगळूर यांच्याबरोबर इंदूर, लखनौ, जयपूर, नागपूर, गुवाहाटी ही नावे दिसू लागली.

नकाशा वाढला तशी एक अडचणही वाढली. दादर स्थानकावर गाडीतून उतरण्याच्या कसरतीवर मुंबईत हमखास हशा येतो. लखनौमध्ये आधी ती गर्दी समजावून सांगावी लागते, आणि समजावलेला विनोद बहुधा हसवत नाही. त्यामुळे जाणते कलावंत प्रयोगाआधी तासभर शहरातून फेरफटका मारतात, रिक्षाचालकाशी बोलतात, स्थानिक वादाचा विषय कोणता याची चौकशी करतात. पहिल्या पाच मिनिटांत गावाचे एक खरे निरीक्षण आले की सभागृह आपलेसे होते. भाषेचेही तसेच. चेन्नईत हिंदी किती चालेल, पुण्यात इंग्रजीचे प्रमाण किती ठेवावे, याचा अंदाज दर रात्री नव्याने बांधावा लागतो.

मराठी स्टँड-अपला या बाबतीत एक सोय आहे आणि एक मर्यादाही. ‘भाडिपा’ या नावाने परिचित असलेल्या, २०१६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय डिजिटल पार्टीने मराठी विनोदवीरांना मंच मिळवून दिला. महाराष्ट्राबाहेर बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, गोवा येथे मराठी श्रोता आहे, आणि परदेशातील महाराष्ट्र मंडळेही कलावंतांना बोलावतात. परंतु तेथील श्रोत्यांत तीन पिढ्या एकत्र बसलेल्या असतात. पुण्याच्या कॅफेत पंचविशीतील तरुणांना उद्देशून लिहिलेला तास आजी-आजोबांसमोर तसाच्या तसा सांगता येत नाही.

अर्थकारणाची बाजू बाहेरून दिसते तितकी भरभक्कम नसते. तिकिटाच्या रकमेतून सभागृहाचे भाडे, ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळाचे शुल्क, आयोजकाचा वाटा, प्रवास व मुक्काम वजा होतात. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट असून त्यावरील तिकिटांना १८ टक्के कर लागू होतो. अनेक कार्यक्रमांची तिकिटे ४९९ रुपयांची का असतात, हे कोडे यातून सुटावे. शंभर खुर्च्यांच्या जागेत साठ भरल्या, तर मुख्य कलावंत व त्याच्याआधी दहा मिनिटे बोलणारा सहकारी यांच्या हाती फारसे काही उरत नाही. ही तूट भरून निघते ती कंपन्यांच्या खासगी कार्यक्रमांतून आणि महाविद्यालयीन महोत्सवांतून. तेथे मानधन चांगले, पण जेवणाच्या टेबलांवर बसलेल्या, निम्मे लक्ष ताटाकडे असलेल्या लोकांना हसवावे लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा हे सर्व एका दिवसात थांबले. झूमवरून प्रयोग झाले खरे, परंतु ध्वनी बंद केलेल्या श्रोत्यांपुढे विनोद सांगणे म्हणजे भिंतीशी बोलण्यासारखे होते.

महिला कलावंतांसाठी हिशेब आणखी वेगळा आहे. प्रयोग रात्री उशिरा संपतात, परक्या शहरात मुक्कामाची जागा आयोजक ठरवतो, आणि सुरक्षित प्रवासासाठी होणारा जादा खर्च बऱ्याचदा स्वतःच सोसावा लागतो.

पण गेल्या काही वर्षांत दौऱ्यांवरील सर्वांत मोठे सावट आले आहे ते कार्यक्रम होईल की नाही या अनिश्चिततेचे. मुनव्वर फारुकी यांना १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमधील एका कॅफेतून ताब्यात घेण्यात आले. धार्मिक भावना दुखावल्याचा आरोप त्यांच्यावर होता. उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. ५ फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिल्यानंतर त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगळूर येथील त्यांचा कार्यक्रम कायदा व सुव्यवस्थेच्या कारणावरून रद्द झाला. दोन महिन्यांत आपले बारा कार्यक्रम रद्द झाल्याचे त्यांनी तेव्हा सांगितले होते. त्या वेळी लागू असलेले भारतीय दंड विधानातील कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आले आहे.

येथे स्वतःच्या नावाने बोलण्याचा मुद्दा पुन्हा समोर येतो. नाटकातील वाक्य पात्राच्या तोंडी असते. स्टँड-अपमधील वाक्याला असा आडोसा नसतो. शिवाय बंद खोलीत शंभर जणांसाठी उच्चारलेले वाक्य अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीतून संदर्भाविना लाखोंपर्यंत जाते. झळ केवळ कलावंताला बसते असेही नाही. कुणाल कामरा यांच्या एका चित्रफितीतील राजकीय टिप्पणीवरून २३ मार्च २०२५ रोजी मुंबईतील खार येथील ‘हॅबिटॅट’ या जागेची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या पथकाने तेथील काही बांधकाम पाडले. कलावंतांच्या मतांशी आपला संबंध नसल्याचे सांगत व्यवस्थापनाने जागा बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. नवोदितांसाठी ओपन माइक भरवणाऱ्या मोजक्या जागांपैकी ती एक होती. ज्यांचा या वादाशी काहीही संबंध नव्हता, त्यांच्याही पाच मिनिटांच्या पाळ्या त्यामुळे गेल्या.

याचे पडसाद प्रयोगांच्या व्यवस्थेतही उमटले आहेत. विशेषतः चाचणी प्रयोगांच्या वेळी प्रेक्षकांना भ्रमणध्वनी बंद ठेवण्यास सांगितले जाते. काही ठिकाणी ते दाराशीच मोहोरबंद पिशवीत घातले जातात आणि कार्यक्रम संपल्यावर परत मिळतात.